पिवळी गोळी

१० नोव्हेंबर
आले एकदाची काशीला! भोसले घाटामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली, खिडकीतून गंगेचा निळसर पट्टा. बँकेच्या नागपूर शाखेतून बदली मीच मागितली. स्तनाच्या ऑपरेशननंतर तिथल्या हळहळीला विटले होते. घरमालकीण अन्नपूर्णाकाकू चौथ्या पिढीच्या काशीकर. आजार सांगितला, तर म्हणाल्या, अगं बिटिया, अगदी सही जागी आलीस, आता भोलेबाबा बघतील. बघोत बापडे.

१७ नोव्हेंबर
सकाळी पलंगावरून उतरायला वीस मिनिटं लागतात. घोटे, गुडघे, बोटं, जणू सांध्यांत वाळू भरलीय. रोजची पिवळी गोळी कॅन्सरला उपाशी ठेवते आणि सांधे आखडून माझी म्हातारी करते. अजून चार वर्षं घ्यायची आहे. डॉक्टर म्हणतात, चाला, शेका, पण गोळी चुकवू नका. गल्लीत प्रत्येकाकडे एक रामबाण तेल आहे. अक्कल कुणाकडेच नाही.

२८ नोव्हेंबर
आज पाकिटातून गोळी दाबून निघेना. अंगठे ठणकले, रडू आलं. काकू म्हणाल्या, इतकंसं काम, मला दे की. आता त्याच दर रविवारी सात खणांची डबी भरून ठेवतात. वर गुडघ्यांना तेल चोळतात, तोंडानं स्तोत्र चालूच. बाई मायाळू आहे आणि मठ्ठ. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

९ जानेवारी
जिना न थांबता चढले! मूठ पूर्ण मिटते. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, गोळी चालू आहे ना? रोज, म्हटलं. मग चालण्यानं फरक पडला असेल, म्हणाले. काकू तेलाला श्रेय देतात. देऊ देत. त्यांच्या डोक्यात तेलाखेरीज आहे काय?

१५ फेब्रुवारी
पाठीच्या मणक्यात एकच जागा दुखते. हे सांध्यांसारखं नाही. चालून सुटत नाही, शेकूनही नाही. काकू म्हणाल्या, होतंय ते ठीकच होतंय. म्हणजे काय, ते विचारलं नाही. असल्यांना काय विचारायचं!

१ मार्च
डबी रिकामी, काकू देवळात. बोटं बरी आहेत, म्हटलं आपणच भरू. कपाट उघडलं. सगळी पाकिटं जशीच्या तशी. नोव्हेंबरात आणलेली. काकू डबी भरायला लागल्यापासून एकही गोळी काढलेली नाही — मग तीन महिने मी काय —

१ मार्च, दुपारी
विचारलं. लपवलं नाही त्यांनी. रक्तवाढीच्या गोळ्या होत्या, तशाच पिवळ्या. काशीत देह ठेवायला आलेल्याला दवा देऊ नये म्हणे, जीव अडकून राहतो. ओरडले, मी मरायला नाही, नोकरीला आलेय! त्या नुसत्या बघत राहिल्या. मी इतके दिवस त्यांच्याकडे बघायचे ना, तसंच. कीव येऊन. म्हणाल्या, आमच्या सासूबाईपण शुरूला असंच म्हणायच्या.

३ मार्च
तपासणी झाली. मणक्यात कॅन्सरचे तीन डाग. उद्याचं नागपूरचं तिकीट काढलंय. आज गोळी स्वतः घेतली. दुखा रे बोटांनो. दुखा —

४ मार्च
पाय हलत नाहीत. कमरेखाली काहीच — हाका मारल्या. काकूच आल्या. भावाला फोन लावा म्हटलं. फोन घेऊन गेल्या, परत आल्या त्या —
पळीत पाणी, तुळशीचं पान. तोंड उघड बिटिया, म्हणतात. किती मायेनं —
दात आवळून लिहितेय. हनुवटी धरली त्यांनी. मी नोकरीला आ