बारीक केलेला आवाज

अर्धापूर, मंगळवार संध्याकाळ

आज बँकेच्या परीक्षेची गणितं भराभर सुटत होती. आठवडाभर अडलेलीसुद्धा. मी पाठ ताठ करून बसले होते, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग कळलं, बाहेर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, टीव्हीचा आवाज बारीक केला होता.

गणेश, माझा धाकटा भाऊ, क्लाससाठी लातूरला राहायला जाण्याआधी घरी अभ्यासाला बसायचा तेव्हा अण्णा असाच आवाज बारीक करायचे. माझ्यासाठी कधी केला नव्हता. आज केला, म्हणून मी येडी बाहेर गेले आणि म्हणाले, "राहू द्या अण्णा, मला चालतं."

अण्णांनी विचारलं, "गण्या आला न्हाई का? दारात त्याचे बूट हायेत."

जुने बूट. आईनं धुऊन वाळत ठेवलेले. तसं सांगितलं.

"हाव का," म्हणाले आणि त्यांनी आवाज पुन्हा वाढवला. रागानं नाही, सहज. तेच लागलं. रागानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

परत येऊन बसले. खरं तर त्या आवाजाचा मला त्रास होत नाही, सवय आहे. तरी पुढचं गणित नुसतं वाचत राहिले. पेन हललंच नाही. इतकी वर्षं वाटायचं, मीच आळशी. मग मघाशी गणितं सोडवत होती ती कोण?

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "झालं असंल तर भाकरी टाकतीस का?"

झालं नव्हतं. "झालं," म्हणाले आणि उठले.