मालीशवाल्याचं पुढं काय झालं

आबा, सुभेदार नानांच्या घरातला टीव्ही मी बंद केला ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही समोर असता तर मी परत भांडलो असतो. आठवी नापास माणसाचं लिहिणं आहे, वेलांट्या बघू नका. तसं तुम्हाला वाचायलाच येत नव्हतं, त्यामुळे ती काळजी नाही.

मी इथं लांब कोइमतूरला आहे, मामाच्या गलाईच्या दुकानात. सराफांकडचं जुनं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात टाकून चोख करायचं. दुकानातली सगळी पोरं विट्या-आटपाडीकडची, त्यामुळे बोलायला आपली भाषा मिळते, पण धूर नाकातून जात नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामा टीव्ही लावतो. जुन्या मालिका परत दाखवतात त्या वेळेला. परवा भाकरी मोडली आणि समोर आपली ती आश्रमाची मालिका सुरू झाली. माझा घास हातातच राहिला.

आपल्या वस्तीत तेव्हा नानांचा एकच टीव्ही. दर मंगळवारी दिवेलागण झाली की सगळे त्यांच्या सोप्यात जाऊन बसायचे. गोष्ट काय, तर शहरातली दमलेली श्रीमंत माणसं डोंगरावरच्या आश्रमात येतात, उपास करतात, अंगाला माती लावून घेतात आणि एकमेकांची लफडी बाहेर काढतात. मालिका हिंदी. नाना पलटणीतल्या हिंदीच्या जोरावर अर्थ सांगायचे आणि त्यात निम्मा पदरचा घालायचे. ह्या सगळ्यांच्या पाठीवर पलटणीतलं पिट्टूचं ओझं देऊन पळवलं तर औषध लागणार नाही, असं त्यांचं मत. शेजारच्या आत्याचं मत पहिल्या दिवसापासून एकच, की आश्रमाचा तो डॉक्टर चोर हाय, त्याचे डोळे बघा. आणि सगळ्यांची मतं झाली की माना तुमच्याकडं वळायच्या. कारण पाटणच्या वाटेवरच्या डोंगरात तसाच खरा आश्रम होता आणि तुम्ही तिथं मालीश करायला होता.

"का रं, खरंच असं असतंय व्हय?" आत्या विचारायची.

"माती खरी हाय," तुम्ही म्हणायचा. "माणसं खोटी. आमचं पेशंट एवढं बोलत न्हाईत. उपाशी असत्यात."

सोपा हसायचा. त्या एका दिवसापुरतं तुमच्या शब्दाला नानांच्या पेन्शनीपेक्षा जास्त वजन असायचं आणि मी मांडी घालून ताठ बसायचो.

त्या मालिकेत एक मालीशवाला होता. फेंगड्या पायांचा. तो तेलाची वाटी घेऊन आला की मागं पिपाणी वाजायची आणि वस्ती हसायला लागायची. लोकांनी तुम्हाला त्याचंच नाव पाडलं. बाजारात कुणी तोंडानं पिपाणी वाजवायचं आणि तुम्ही मुद्दाम पाय फेंगडे करून दोन पावलं चालून दाखवायचा. मला ते आवडत नव्हतं. तुम्ही म्हणायचा, हसू दे की, हसण्यानं कुणाचं काय झिजतंय.

पण मी टीव्ही बंद केला त्याच्या आधीच्या आठवड्यात आईनं तुमचा डबा माझ्याकडं दिला होता, तेव्हा जे झालं ते तुम्हाला आणि मलाच माहीत. मी आश्रमातल्या मालीशच्या खोलीच्या खिडकीशी आलो. आत एक जाडा माणूस पालथा पडला होता. तेल जरा जास्त तापलं असेल. तो उठून बसला आणि त्यानं तुमच्या थोबाडीत मारली. तुम्ही हात जोडले. वाटी उचलली, कोपऱ्यात जाऊन तेल गार केलं आणि परत त्याच्या पाठीला हात लावला. मग तुमची नजर खिडकीकडं गेली. बाहेर आल्यावर डबा घेतलात आणि म्हणालात, "घरी बोलू नको. कुठंच बोलू नको." मी बोललो नाही.

पुढच्या मंगळवारी टीव्हीतल्या एका शेठनं त्या मालीशवाल्याच्या थोबाडीत मारली. पिपाणी कॅकॅ करून थांबली. सोपा खो खो हसला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पण हसत होता, आबा. मांडीवर थाप मारून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मी उठलो आणि टीव्ही बंद केला.

नाना म्हणाले, हे काय वळण लावलंय पोराला. तुम्ही मला म्हणालात, "लाव त्यो. आणि नानांची माफी माग." मी म्हणालो, लावणार न्हाई आणि मागणार न्हाई. का बंद केला, ते सगळे विचारत होते, आणि मला तोंड उघडायची बंदी तुमचीच. शेवटी तुम्हीच उठून टीव्ही लावलात. तोवर बातम्या लागल्या होत्या.

घरी जाताना बांधावरून तुम्ही पुढं, मी मागं. तुम्ही मागं न बघता म्हणालात, "मी हसलो म्हणून कुणाला कळलं न्हाई. तू बंद केलास. आता इचार करतील."

"करू दे की," मी म्हणालो. "कळू दे की."

तुम्ही भराभर पुढं निघालात. त्यानंतर बरेच दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

पुढच्या मंगळवारी तो मालीशवाला मालिकेत दिसलाच नाही. त्याचं काय झालं यावर वस्तीत वाद. आत्या म्हणाली, लाजंनं पळाला असंल. नाना म्हणाले, शेठवर हात उगारला असंल, आत टाकला. तुम्हाला विचारलं तर तुम्ही खाली बघून म्हणालात, "काढला असंल बिचाऱ्याला." तुमचं मत म्हणजे शेवटचं, ते सगळ्यांना पटलं. खालच्या गावातही टीव्ही होते, तिथं कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं, पण विचारायचं म्हणजे त्या दिवशी टीव्ही का बंद होता हे आलंच. मी तेवढ्यातच मामाच्या मागं लागून इकडं आलो. तुम्ही वर्षभरात गेलात. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

तर परवा तोच भाग लागला. शेठनं थोबाडीत मारली आणि दुकानातली पोरं हसली. माझा हात बटणाकडं गेला होता, खोटं कशाला सांगू. पण तोंडात घास होता आणि टीव्ही उंच फळीवर, म्हणून राहिलं. आबा, त्याला कुणी काढला नव्हता. त्यानं वाटी खाली ठेवली. शेठचाच टॉवेल उचलला, आपली बोटं एक-एक करून पुसली, टॉवेल शेठच्या मांडीवर टाकला आणि दारातून निघून गेला. तसाच फेंगडा चालत गेला, पण मागं पिपाणी नव्हती.

"आता ह्यो कुठं चालला?" मामानं विचारलं.

"घरी," मी म्हणालो.

मी जरा थांबलो असतो तर तुम्ही ते बघितलं असतं. तुम्ही काय मत दिलं असतं, कुणास ठाऊक. पोटाची खळगी मालिकेत नसती, असंच म्हणाला असता बहुतेक. म्हणा. मला मात्र माहीत असतं तरीही मी टीव्ही बंदच केला असता, कारण मी त्या मालीशवाल्यासाठी बंद केला नव्हता. तुमचं हसू मला बघवत नव्हतं.

हे सगळं आईला कळवावं म्हणून लिहायला बसलो होतो. कसं कुणास ठाऊक, वर तुमचं नाव पडलं. पण आईला आलेली पत्रं अजून नानाच वाचून दाखवतात, ओट्यावर बसून, मोठ्यानं, आणि आत्या ऐकायला असतेच. कळू दे की, असं मीच म्हणालो होतो. पाकीट समोर आहे, त्यावर आईचा पत्ताही घालून झालाय. कागद आत घालायला हात होत नाही.