दारात आपण आधी बोलायचं नाही

नारायणगुडा, हैदराबाद
१४ नोव्हेंबर २०२५

शिवराजदादा,

नमस्कार. नांदेडला थंडी पडली का? गुडघा कसा आहे? जवसाची चटणी केव्हाच संपली. बरणी परत मिळणार नाही, वहिनीला सांग.

फोन काय मेला का, म्हणशील. पण फोन वाजला की आई मला चिकटून बसते आणि "कोण आहे?" विचारत राहते. म्हणून पत्र.

आई खाते-पिते, चालते. फक्त उठल्या उठल्या विचारते, "आज राज्य कुणाचं गं?" मी म्हणते, आपलंच. "सगळे असंच सांगायचे," म्हणते. आधी मला हसू यायचं. तिचं तरी काय चुकतं? निजाम गेला, लष्कर आलं, मग तिचं उदगीरकडचं माहेर महाराष्ट्रात गेलं, सासर आंध्रात राहिलं, आता तेलंगण. लहानपणी तिने शिकवलेलं आठवतं ना? दारात आपण आधी बोलायचं नाही. बाहेरचा ज्या भाषेत बोलेल, त्याच भाषेत उत्तर द्यायचं. आपण त्याचा खेळ केला होता.

मंगळवारी घरोघरची माहिती घेणारा एकजण आला. "अम्मा, सोंत ऊरु एदि?" मूळ गाव विचारत होता. त्याला वाटेला लावून वळले, तर रेणू दिसेना. आईही नाही. हाका मारल्या, ओ नाही.

दादा, दोघी गाद्यांच्या थप्पीमागे होत्या. रेणू आईच्या मांडीत आणि आईचा पंजा तिच्या तोंडावर. माझी तीन वर्षांची नात निळी पडली होती. आईची बोटं सोडवायला मला आणि केतकीला, दोघी सासू-सुनांना जोर लावावा लागला. आई पुटपुटत होती, "आवाज नक्को, बाळा, आवाज नक्को."

रेणू ठीक आहे. हे आधी लिहायला हवं होतं. माझं डोकं ठिकाणावर नाही.

धाकटा मामा तापाने गेला, असं आपण ऐकत आलो. ताप नव्हता रे, काल आईनेच सांगितलं. अठ्ठेचाळीस साली दार वाजलं, तेव्हा आजीने सहा वर्षांच्या आईला तान्ह्यासकट धान्याच्या बळदात बसवलं. बाहेर रझाकार होते की लष्कर, तिला आजही ठाऊक नाही. "मी हात काढलाच नाही," शेवटी एवढंच म्हणाली, आणि चहा मागितला.

केतकी म्हणते, आजी इथे असतील तर मी रेणूला घेऊन माहेरी जाते. तिला कोणत्या तोंडाने थांबवू? मला आईची भीती वाटते, दादा. जन्मदात्या आईची. आणि तिला परक्यांच्या दारात सोडायचीही भीती वाटते. तुमच्याकडे लहान मूल नाही. तू ये, तिला ने.

येशील तेव्हा बेल वाजवू नकोस. खालूनच मराठीत हाक मार, मोठ्याने. मंगळवारपासून बेल वाजली की रेणू आपली आपणच गाद्यांमागे जाते आणि स्वतःच्या हाताने तोंड दाबून बसते.

आत रडणं ऐकू आलं तर घाबरू नकोस. आवाज नसेल, तर दार तोडून ये.

वाट पाहणारी,
त्रिवेणी