जिन्याखालचा मराठीचा तास

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्यांनी नोंद ठेवावी. आमच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये एकोणीस भाषा बोलणारी मुलं आहेत, आणि आज मराठीला स्वतंत्र खोली मिळाली. जिन्याखाली आहे, पण स्वतंत्र आहे. विद्यार्थी चार: जुळे भाऊ, एक कोरियन मुलगी (ऑफिसने चुकून घातली, पण योग असतात) आणि नववीतली माझी लेक. शाळेचा नियमच आहे, एक जरी विद्यार्थी असला तरी मातृभाषेचा वर्ग बंद होत नाही. म्हणजे आपल्याला मरण नाही.
संकल्प: डिसेंबरपर्यंत वीस विद्यार्थी.

१९ सप्टेंबर
जुळे बॅडमिंटनला गेले. त्यांची आई फोनवर म्हणाली, घरी आम्ही मराठीच बोलतो की. हे इंग्रजीत म्हणाली. असो. गर्दी कमी झाली की शिकवणं खोल जातं.

४ ऑक्टोबर
कोरियन मुलगी "अगं बाई!" अगदी अचूक जागी म्हणते. लेकीला म्हटलं, शिक जरा हिच्याकडून. लेक हसली नाही. वयच तसं आहे.

१६ ऑक्टोबर
समोरच्या हॉलमध्ये नेमकी आपल्याच तासाला इंग्रजी नाटकाची तालीम. नुसता धुडगूस. लेक सारखी दाराकडे बघते, त्रास होत असणार पोरीला. दार लावून घेतलं.

७ नोव्हेंबर
कोरियन मुलीच्या वडिलांची बदली झाली. निघताना म्हणाली, येते हं सर. 'जाते' म्हणाली नाही. मीच शिकवलं होतं. डोळ्यांत खडूची पूड गेली. (आम्ही मार्कर वापरतो.)

११ नोव्हेंबर
आता लेक एकटीच. उत्तम! पूर्वी राजपुत्रांना असंच शिकवत. घरी ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. मराठी बहुतेक तासासाठी राखून ठेवते. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात मराठीवाले आम्ही दोघंच. त्यातलं एक माणूस गप्प असतं.
संकल्प: वीस नाही, पाच विद्यार्थी.

२१ नोव्हेंबर, सकाळी ११
वेळापत्रकाच्या बाईंनी बोलावलं. मोठी खोली देणार, असं धरून नवा शर्ट घालून गेलो. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. आमच्याकडे मुलांनी फॉर्म कुठल्याही भाषेत भरायचा, आणि ती भाषा येणाऱ्या शिक्षकाने तो बाईंना वाचून दाखवायचा. शाळेला या पद्धतीचा फार अभिमान आहे.
फॉर्म लेकीचा होता. नाटकात तिची मुख्य भूमिकेसाठी निवड झाली होती, दहा तारखेपासून तिकडे जायचं होतं. आठ तारखेला तिने नाव मागे घेतलं. बाईंनी विचारलं, कारण काय लिहिलंय?
लिहिलं होतं: "मी गेले तर बाबांचा वर्ग बंद होईल. आईनंतर त्यांच्याकडे एवढंच आहे. त्यांना सांगू नका."
एकही चूक नाही. मी बाईंना सांगितलं, तिला मराठीची फार गोडी आहे म्हणून.

२२ नोव्हेंबर
काल सबंध दिवस स्वतःला समजावलं की गोडी असेलच. तासाला तिने वही उघडली, तारीख घातली आणि शहाण्यासारखी माझ्याकडे बघत बसली. मला तिच्याकडे बघवेना.
मधल्या सुट्टीत बाईंना खरं काय ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, नाटकातली तिची जागा अजून रिकामीच आहे. वर्ग बंद करण्याच्या कागदावर सही केली. लेकीला सांगितलं, मला लायब्ररीचं मोठं काम दिलंय, आता वर्गाला वेळ नाही. तिने दोनदा विचारलं, नक्की ना बाबा? मराठीत विचारलं. नक्की म्हटलं. मग मात्र हॉलकडे पळतच गेली.

२५ नोव्हेंबर, तिसरा तास
लायब्ररीत काही काम नाही. खोली अजून कुणी मागितलेली नाही, म्हणून इथेच बसलो. दार उघडं ठेवलंय. तिचा आवाज इथवर येतो, मोठा, मोकळा. घरी असा कधी ऐकला नव्हता.
आनंद झाला, असं लिहायला वही उघडली. नाही झाला. घंटा होईपर्यंत रडलो.