गोळ्यांचा चार्ज माझ्याकडे

३ मार्च, सोमवार
आजपासून हिच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा चार्ज मी घेतला. गेल्या महिन्यात धाकट्याच्या तापात ही रात्रीची गोळी विसरली, सकाळी आठवल्यावर घेतली. स्पेअर पार्टच्या गोडाऊनचा मी हेड स्टोअरकीपर. माझ्याच घरात असला भोंगळ कारभार?
दोन मुलं पुरेत, यावर आमचं एकमत. शिवाय आठ वर्षांनी हिला पुन्हा नोकरी मिळाली आहे, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये. पंधरा एप्रिलला जॉइन व्हायचंय. आता पुन्हा पाळणा हलला तर नोकरीवर पाणी.
सगळी पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात कुलूपबंद. किल्ली माझ्या जुडग्यात. रोज रात्री नऊला एक गोळी इश्यू होईल. ही म्हणाली, गोळी मला घ्यायचीय की तुम्हाला? मुद्दा कळला नाही.

९ मार्च
सिस्टिम उत्तम. नऊ वाजले की जेवता जेवता उठतो, कुलूप उघडतो, गोळी हिच्या हातावर ठेवतो, गिळेपर्यंत समोर उभा राहतो. ही म्हणते, तुरुंगात तरी बरं असेल. मनातून सुखावली असणार.
पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या नुसती रोजची सवय मोडू नये म्हणून असतात, हे मी मागचं बारीक अक्षर वाचून हिला समजावलं. हिला पाच वर्षांपासून माहीत होतं म्हणे.

१४ मार्च, रात्री ९.१०. लॉजवर
कंपनीच्या ट्रेनिंगला आलोय. विषय: वेळेवर पुरवठा. पहिल्या रांगेत बसलो.
आत्ता हिचा फोन. किल्ली कुठे आहे? म्हटलं, काळजी नको, माझ्या खिशात सेफ आहे. मग म्हणाली, नवीन पाकीट आणते. पण चिठ्ठीही कपाटात! हिने कुलूप फोडू का विचारलं. सक्त नाही म्हणालो. चांगलं कुलूप आहे.

१७ मार्च
ट्रेनिंग एक दिवस लांबलं. तीन गोळ्या चुकल्या. आल्या आल्या बॅकलॉग क्लिअर करायला तिन्ही एकदम काढल्या. ही म्हणाली, आधी औषधाच्या दुकानात विचारून या.
दुकानातल्या ताईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं: ढीग एकदम गिळायचा नाही, शेवटची चुकलेली एक लगेच द्या, पुढे रोजच्या वेळेला एकेक. आणि सात दिवस निरोध वापरा, नाहीतर लांब राहा. मी निरोधचं पाकीट मागणार, तेवढ्यात मागे आमचे साहेब उभे. खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलो.
हिला सांगितलं, एक घे आणि निर्धास्त राहा. सात दिवसांचं बोललो नाही. नोकरीच्या तोंडावर उगाच टेन्शन कशाला?

२१ मार्च
मुलं लवकर झोपली. हिने विचारलं, आता काही धोका नाही ना? म्हटलं, गोळ्यांनी केव्हाच जोर धरला असेल. बाकीचं लिहीत नाही.

२ एप्रिल
तपकिरी गोळ्या संपल्या. पाळी नाही. हवामान असेल.

८ एप्रिल
अजून नाही. हिने लॅबसाठी शिवलेला पांढरा कोट घालून पाहिला आणि बटणं न लावताच काढून ठेवला. मला भीती वाटली. पण मला घाबरून कसं चालेल? चार्ज माझ्याकडे आहे.

१२ एप्रिल, शनिवार
डॉक्टरबाईंकडे गेलो. तपासणी झाली. दिवस गेलेले नाहीत. गोळ्या चुकल्या की पाळी पुढेमागे होते म्हणाल्या. मी म्हटलं, बघा, माझं प्लॅनिंग चुकत नाही. मग त्यांनी विचारलं, गोळ्या चुकल्यावर सात दिवस काळजी घेतली होतीत ना? ही म्हणाली, कसले सात दिवस?
आता खोकला आला असता तर बरं झालं असतं. नाही आला.
बाई म्हणाल्या, गोळ्या जी घेते तिच्याच हाताशी हव्यात, कुलपात नव्हे. हिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता शांतपणे विचारलं की पुरुषांची शस्त्रक्रिया किती वेळाची असते. मला वाटलं, कुणा ओळखीच्यासाठी विचारतेय. बाई म्हणाल्या, अर्धा तास, टाकेसुद्धा नाममात्र. मीही सांगितलं की सोपी असते, पुरुष उगाच भितात.
घरी आल्यावर कळलं, तारीख माझी आहे.

१५ एप्रिल
ही लॅबमध्ये जॉइन झाली. कोट छान बसतो. गोळ्यांचं पाकीट हिच्या पर्समध्ये, कपाटाची किल्ली कपाटालाच. हा चार्ज मी स्वखुशीने सोडला.

२६ एप्रिल
शस्त्रक्रिया झाली. मी घाबरलो नाही. हात सिस्टरनीच धरला होता.
वाटलं, सुटलो. पण डॉक्टर म्हणाले, लगेच भरवसा धरायचा नाही. तीन महिन्यांनी तपासणी. त्यात एकही शुक्राणू दिसता कामा नये. तोवर हिच्या गोळ्या चालूच.
आज नऊ वाजता पडल्या पडल्या हाक मारून विचारलं, घेतलीस का? ही हो म्हणाली, देवाला हात जोडले आणि थोरल्याचा अभ्यास घ्यायला गेली.
एवढी वर्षं स्टोअर सांभाळलं. पण माझा स्टॉक शून्य भरावा म्हणून कुणी देवाला हात जोडतंय, हे पहिल्यांदाच.