शेजारून ऐकायची गिटार

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबाची गिटार आज पार्सलने पाठवली आहे. दोन रजयांत गुंडाळली आहे. रजया परत पाठव, गिटार ठेव.

दादा जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून गिटार कपाटावरून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडता जोडता माझा उजवा कान कामातून गेला, आता डावाही त्याच वाटेने निघाला आहे. डॉक्टर म्हणतात, वर्षभर पुरेल, जपून वापरा. जणू साबणाची वडीच! तो बंद व्हायच्या आत कुणीतरी ही वाजवावी, एवढंच मनात आहे. फार आशा मात्र ठेवू नकोस. मोठेपणी मला तिचा आवाज कधी धड ऐकू आला नाही. दिसायलाही विचित्र, पोटावर भोकच नाही.

पिठाच्या हातांनी तिला शिवू नकोस. लोभ आहेच, रजयांइतका ऊबदार राहू दे.

तुझी,
आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. रजया धुऊन वाळत घातल्या आहेत.

गिटारबद्दल काय लिहू! बेकरीतली पहाटपाळी संपवून दुपारी खोलीवर येते, पडदा ओढते आणि भट्टीची ऊब अंगात असतानाच तिला मांडीवर घेते. तिचं भोक वरच्या कडेला आहे, वाजवणाऱ्याच्या हनुवटीखाली, तळहाताएवढं लांबट. तार छेडली की आवाज सरळ माझ्या तोंडावर येतो. विहिरीत वाकून हाक मारावी आणि विहिरीने गाणंच म्हणावं, तसं होतं. मग भिंती कुठे आहेत ते कळत नाही. काल तशीच झोपून गेले. गालावर लाकडाच्या कडेचा वळ बघून मालकीणबाईंनी विचारलं, कुणाशी भांडलीस?

पण एक घोळ आहे. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या दालनात मला वाजवायचंय, लोकांपुढे पहिल्यांदाच. मालकीणबाईंना समोर बसवून वाजवलं, तर म्हणाल्या, अगं, सुरू कधी करणार? वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. ते म्हणाले, ही वाजवणाऱ्याच्या कानासाठीच बनवलेली आहे, समोरच्याच्या वाट्याला काही येत नाही. पुढे गोल भोक पाडून देतो म्हणतात. मग सगळ्यांना ऐकू जाईल, पण आत्ताचा आवाज कायमचा जाईल. गिटार बाबांची, सांभाळलीस तू. तू म्हणशील तसं करते.

लोभ असावा, घाईत लिहिलंय तरी.

तुझी,
भिंगरी


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. भोक पाड, खुशाल पाड. तुझ्या त्या दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्या मनातलंच सांगितलं. दादा स्वतःसाठीच वाजवायचा.

तुला कधी बोलले नाही. लहानपणी तो आरामखुर्चीत बसून वाजवायचा आणि मी खुर्चीच्या हातावर चढून त्याला चिकटून बसायचे. वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि तरी श्वास घेता येतोय. मग एक दिवस आई म्हणाली, घोडी झालीस, आता समोर बाकावर बस, ऐकणाऱ्याने समोर बसावं. बसले. त्या संध्याकाळपासून दादा हळू वाजवायला लागला. मला वाटलं, मी मोठी झाले, आता माझ्यासाठी कशाला वाजवेल? विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची नाही, रुसायची पद्धत होती. तो रुसवा जन्मभर पुरला. त्याच्या शेवटच्या आजारपणातही तो वाजवायचा, मी समोर बसून विणायचे आणि काही न ऐकताच छान झालं म्हणायचे.

आता तरी ती चार लोकांना ऐकू येऊ दे. डावा कान शिल्लक आहे तोवर मीही समोर बसून एकदा ऐकेन.

लोभ आहे, हे तुला सांगायला लागू नये.

तुझी,
आत्या


४ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र बेकरीत वाचलं आणि भट्टीतले पाव करपले. तू हो म्हणशीलच असं धरून गिटार काकांकडे ठेवली होती, एप्रनवरच तिकडे धावले. त्यांनी पेन्सिलने गोल आखला होता, करवत हातात घेतली होती. मी गिटार उचलून पोटाशी धरली. त्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

आत्या, बाबा हळू वाजवायला लागले नव्हते गं. तू उठून समोर गेलीस. खुर्चीच्या हातावर बसलं की भोक तुझ्या कानाशी, आणि समोर बसलं की नुसती फळी. बाबा मला एकदा म्हणाले होते, आत्या लहानपणी माझ्याजवळून हलायची नाही, मग एकाएकी लांब जाऊन बसायला लागली, वाटलं, तिला माझ्या वाजवण्याचा कंटाळा आला. त्यांनीही तुला विचारलं नाही. तुम्ही दोघं म्हणजे धन्य आहात!

रविवारी येते. आरामखुर्ची माळ्यावर असेल तर उतरवून ठेव. गिटार आहे तशीच आणते. वाचनालयाचं मी बघते. तोवर कान जप, कुणाचं काही ऐकू नकोस.

लोभ असावा, रविवारपर्यंत पुरेल इतका.

तुझी,
भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. वाचनालयात समोरच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून लोकांना तुझ्या पाठीमागे दाटीवाटीने उभं केलंस, हे वाचून एकटीच हसत बसले. मालकीणबाई तुझ्या मानेवर शिंकल्या, हे तर फारच झालं.

त्या रविवारी मी खुर्चीच्या हातावर चढले तेव्हा तू तोंड फिरवून हसलीस. मला दिसलं. या वयात मलाही हसूच आलं असतं. मग डावा कान तुझ्या खांद्याशी नेला, तू पहिली तार छेडलीस आणि मी पाण्याखाली गेले. खोली तीच होती, खिडकीतलं ऊन तेच होतं, आणि माझे पाय जमिनीला पोचत नव्हते.

मध्येच थांबून तू विचारलंस, ऐकू येतंय का? मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू घाबरलीस. अगं, मला वाटलं दादाच विचारतोय, आणि इतक्या वर्षांनी त्याला काय सांगावं ते सुचेना. तू गेल्यावर सुचलं. रिकाम्या खुर्चीला सांगून टाकलं, दादा, सगळं ऐकू आलं.

खुर्चीचा हात माझ्या वजनाने डुगडुगायला लागलाय. सुताराला बोलावलंय. कान आहे तोवर दर रविवारी ये.

लोभ असावा, समोरून नको, शेजारून.

तुझी,
आत्या