न उच्चारलेला शब्द

इबादान, ता. ९ नोव्हेंबर १९६४

चि. अबेके हिस अनेक आशीर्वाद.

मी, जोसाया ओलानिपेकुन, वय एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, सचिवालयातील निवृत्त हेड पट्टेवाला, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की, इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. यंदा रताळी उत्तम आली.

तुझी नेमणूक लाडेजोबीसाहेबांच्या खात्यात झाल्याचे पत्र मी तीनदा वाचले. मी नोकरीस लागलो तेव्हा आपल्या माणसाची धाव कारकुनापर्यंत होती. पुढे प्रांताला स्वतःची नोकरशाही मिळाली. राजधानी लेगॉसहून लॉऱ्या भरून फायली आल्या, त्यांतली पहिली मी वर नेली. ज्या दारावरची इंग्रजी नावे मी सोळा वर्षे पुसली, त्यावर एके सकाळी ‘लाडेजोबी’ असे लिहिलेले होते. रंग ओला होता. मी बोट लावून पाहिले. ते बोट दिवसभर धुतले नाही.

तू विचारतेस, साहेब तुला हसून असे का म्हणाले, “बाबांना विचार, या वेळी तरी उठवतील का?” तुला भीती वाटते की त्यांच्या मनात अढी असेल, आणि नोकरी नाकारावी की काय. म्हणून लिहितो.

त्या पहिल्या दिवशी मी फाईल घेऊन आत गेलो. लाडेजोबी आपल्याच गावचा, त्याचा बाप माझ्या जोडीचा. मला पाहताच तो खुर्ची सोडून, कोटासकट, जमिनीवर पालथा पडला. घरी वडीलधाऱ्याला नमस्कार करताना पडावे तसा. वडीलधाऱ्याने ‘ऊठ’ म्हटल्यावाचून धाकट्याने उठू नये, हे तुला ठाऊक आहेच.

गावात मी सांगत आलो की मी त्याला तत्काळ उठवले. ते खरे नाही. त्या खोलीत सोळा वर्षांत माझ्यासाठी कोणी मानही वर केली नव्हती. मला ते थोडा वेळ पाहायचे होते. मी फाईल छातीशी धरून उभा राहिलो.

तेवढ्यात वरचा इंग्रज अधिकारी दारात आला. “काही पडले आहे काय?” असे त्याने विचारले.

“होय, मी पडलोय,” लाडेजोबी जमिनीवरूनच म्हणाला. “काकांनी ऊठ म्हटलं, की उठतो.”

त्या इंग्रजासमोर मला तो शब्द उच्चारता आला नाही. अखेर अधिकारी निघून गेला, तेव्हा तो आपण होऊन उठला, गुडघे झटकले आणि फाईल मागितली. दोन महिन्यांत त्याची बदली दूर नदीकाठच्या ठाण्यावर झाली. तिथून तो वर चढत आज सचिव झाला. त्या प्रसंगाबद्दल एक अक्षर बोलला नाही. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी गव्हर्नर पाहिले आहेत.

तेव्हा मुली, नोकरी घे. खुर्चीत नीट बस. माझ्या वेळचा पट्टेवाला गनियू अजून तिथे फायली नेतो. त्याच्यापुढे तू आपल्या मुलींच्या रीतीने गुडघे टेकशील, हे मला ठाऊक आहे. तुला लगेच ‘ऊठ’ म्हणायचे, असे त्याला मी बजावले आहे. तो म्हणाला, “तुझ्यासारखा मी दगड नाही, जोसाया.”

तुझ्या नोकरीच्या शपथेच्या दिवशी मी येईन. साहेब सर्वांदेखत पुन्हा जमिनीवर पडतील. तो शब्द मी दहा वर्षे तोंडात धरून आहे.

तुझा पिता,
जोसाया ओलानिपेकुन

हे लिहिताना हजर: तुझी आई, जिने हे आज प्रथमच ऐकले, आणि गनियू, जो त्या दिवशी दाराबाहेर उभा होता व आजवर कोणापाशी बोलला नाही.